जाळीची ओढणी

पाडवा जवळ आला, नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या, की आईकडे ओढण्या शिवायला यायच्या. नेटचं कापड, त्यावर जरीच्या तारेचं भरतकाम. मशीनवर जाळी सुईखालच्या भोकात ओढली जायची. तारेवर सुई बसली की कट्‌कन मोडायची. म्हणून आई आधी काठावरची तार हातानं उसवायची, खाली जुना पेपर धरायची, बारीक सुई, लांब टाका घालून चाक हातानंच फिरवायची. टीप झाली की पेपर हळूच फाडून काढायचा, वर सॅटिनची पट्टी.

"एवढं कशाला? लांबून कुणाला दिसतंय?"

"बघणाऱ्यासाठी न्हाई गं. रातभर नाचती ती. तार मानंला घासती."

गावात त्या बायांना नावं ठेवणारे पुष्कळ. आई मात्र ओढणी देण्याआधी तिचा काठ स्वतःच्या मानेवरून फिरवून बघायची.