ॐ आज्जीच्या ओठी कसा आला

॥ श्री नीळकंठेश्वर प्रसन्न ॥

किल्लारी, श्रावणी सोमवार

चि. छकुलीस,


तुझा मेसेज मिळाला. तिकडे योगाच्या क्लासात सगळे मिळून ॐ म्हणतात आणि तू इकडची म्हणून शिकवणाऱ्या बाई अर्थ तुलाच विचारतात. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पुस्तकातलं सांगतो. मांडूक्य उपनिषद अवघं 12 मंत्रांचं. त्यात अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप. आणि या तिन्हींच्या पलीकडचं, ज्याला मात्राच नाही, ते चौथं. पतंजलींनी ॐ हे ईश्वराचं नाव मानलं आणि जप करायचा तो अर्थ मनात धरून, असं सांगितलं. आपल्या आपेगावच्या ज्ञानोबांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तिची सुरुवातच ॐकाराने आहे. तिथे अ हे गणपतीचे पाय, उ पोट आणि म मस्तक. एवढ्यावर बाईंचं समाधान होईल.

पण आपल्या घरात ॐ या वाटेने आलेला नाही. सनातनी शास्त्रकारांनी वेदातला हा प्रणव बायकांना आणि शूद्रांना वर्ज्य ठरवला होता. म्हणजे तुझ्या आज्जीनं तो उच्चारायचाच नाही! बाराव्या शतकात उमरग्याच्या पलीकडे, आज ज्याला बसवकल्याण म्हणतात तिथे, बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, ही बंदी झुगारली. चर्मकार हरळय्या, नावाडी चौडय्या, परीट माचय्या, अक्कमहादेवी, सगळे एका पंगतीला आले. मंत्र सगळ्यांचा झाला. मराठी मुलखात पुढे मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ लिहिलं. कपिलधारला त्यांची समाधी आहे आणि आपल्याकडच्या शिवनाम सप्ताहात त्याच ग्रंथाचं पारायण चालतं.

आपल्या लिंगायत परंपरेत दीक्षेच्या वेळी गुरू मस्तकावर हात ठेवतात, कानात मंत्र सांगतात आणि तळहातावर अंगावर बाळगायचं इष्टलिंग देतात. ‘नमः शिवाय’ पाच अक्षरांचा, ॐ धरला की सहा. या सहा अक्षरांना आपल्यात सहा पायऱ्या जोडल्यात: न म्हणजे भक्त, म म्हणजे महेश, शि प्रसादी, वा प्राणलिंगी, य शरण आणि ॐ म्हणजे ऐक्य. नीट बघ, तोंडाने पहिल्यांदा म्हणायचा तो ॐ, पण पायऱ्यांत त्याचा नंबर शेवटचा. जिथे जायचं त्याचं नाव आधी घ्यायचं आणि मग एकेक पायरी चढायची. माझ्या मते ॐचा सगळ्यात उपयोगी अर्थ हाच. तो नुसता मन शांत करायचा आवाज नाही.

आज्जीची पूजा तू लहानपणी पाहिलीस. कपाळाला भस्माची तीन बोटं, डाव्या तळहातावर लिंग, हात डोळ्यांसमोर, नजर त्यावर. ओठ हलतात, आवाज नाही. मग लिंग पुन्हा चांदीच्या डबीत आणि डबी शिवदाऱ्याने गळ्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे इथे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद माणसांवर कोसळलं. आपलंही घर गेलं आणि देवघर ढिगाऱ्याखाली गेलं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. पण लिंग अंगावरच होतं, त्यामुळे आज्जीची पूजा तिथेही सुरू राहिली. तिला देवाचा राग आला नाही का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “आला की! रागातही त्याचंच नाव घेतलं.”

म्हणून बाईंना उपनिषद जरूर सांग, पण एवढ्यावर थांबू नकोस. हे एक अक्षर म्हणायचा हक्क कित्येकांना शेकडो वर्षं नव्हता आणि तो मिळवणारे लोक इथलेच, आपल्या शेजारचे होते, हेही सांग. टी-शर्टवर ॐ छापणाऱ्यांना हे माहीत नसतं, तुला माहीत असावं.

आणि क्लासात नुसता ॐ म्हणतेस, घरी सहाही अक्षरं म्हणत जा. आज्जीला फोन कर, ती वाट बघते.

तुझा,
मामा