मगरिबी घाट

आमच्या उर्दू भूगोलाच्या पुस्तकात पश्चिम घाटाला 'मगरिबी घाट' म्हणतात. मगरिब म्हणजे पश्चिम. सूर्य मावळल्यावरच्या नमाजचं नावही तेच. बारा वर्षं मी हा धडा शिकवतोय. फळ्यावर खडूने उभी रेघ ओढायची, डावीकडे कोकण, उजवीकडे देश, मधे घाट. मुलं विचारतात, "सर, आपने देखा क्या?" मी म्हणायचो, "हां, देखा ना." पन्हाळा, जोतिबा पाहिला होता, त्या हिशेबाने ते खोटं नव्हतं. पण घाट उतरून मी पलीकडे कधीच गेलो नव्हतो. आमचे सगळे नातेवाईक मिरज, सांगली, इचलकरंजी या सपाटीवरचे. लग्न असो की मयत, आमची एस.टी. पूर्वेलाच जायची.

घाट पाहायचा योग आला तो निवडणुकीमुळे. ७ मे २०२४ रोजी लोकसभेचं मतदान होतं. एका खेड्यातल्या केंद्रावर आम्ही पाच जण नेमले गेलो. केंद्राध्यक्ष म्हणून मराठी शाळेचे एक मुख्याध्यापक, त्यांना सगळे अण्णा म्हणत. गणिताचे एक सर, एक तरुण शिक्षणसेवक, शिपाईमामा आणि मी. शाई लावायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर गावातल्या शेकडो माणसांची बोटं मी हातात धरली. म्हाताऱ्यांची, नवऱ्या मुलींची, शेणामातीची, मेंदीची. संध्याकाळी यंत्रं सील करताना अण्णा म्हणाले, "सर, अख्ख्या गावाचा हात धरलासा की आज!" रात्री साहित्य जमा करून परतताना आम्ही मोबाईलवर एक गट केला. रिटायर होण्याआधी महादेवाची डोंगरातली दोन-तीन ठिकाणं मोटारसायकलीने करायची, अशी अण्णांची इच्छा होती. पावसाळा संपला की सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. "तुम्हीपण यायचं सर," ते म्हणाले. मी हो म्हणालो.

मग १४ जुलै २०२४ उजाडला. विशाळगडाच्या अतिक्रमणांच्या प्रश्नावरून निघालेला जमाव गडाच्या पायथ्याशी गजापुरात शिरला. घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीत तोडफोड केली. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, मोबाईलच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं होतं. तरी ते शहर होतं, तिथं काय होईल ते सांगता येत नाही अशी मनाची समजूत घालता आली होती. हा तर डोंगर होता. डोंगरातली माणसं साधी असतात, असं मी वर्गात शिकवत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं गप्प होती. मी हजेरी घेतली आणि नेहमीप्रमाणे धडा सुरू केला. त्यांच्याशी त्याविषयी एक शब्द बोललो नाही. आमच्या पाच जणांच्या गटातही कुणी काही लिहिलं नाही. अकरा दिवस तो गट मुका होता. बाराव्या दिवशी गणिताच्या सरांनी गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' पाठवलं. ते फूल पाहून मला इतका राग आला की मी गटाचा आवाज बंद करून टाकला. त्या दिवसांत भाषणांतून, वर्तमानपत्रांतून 'शाहू महाराजांचं कोल्हापूर' हे शब्द फार ऐकू येत होते. ज्या राजाने १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून बोर्डिंग उभं केलं, त्याचं नाव प्रत्येकाच्या ओठावर होतं. मला मात्र कुणाचा फोन आला नाही.

डिसेंबरात अण्णांचा फोन आला. "सर, नाताळची सुट्टी आणि एक किरकोळ रजा. पळसंबे, गगनगड, कुणकेश्वर. येताय न्हवं?" जुलैविषयी अवाक्षर नाही. मी 'बघतो' म्हणालो. अम्मी भाकरी थापत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "उनों देवळां देखने जाते. तू कायकू जाता?" मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "अभी पहाडां में नक्को जा रे." तिला गजापूर म्हणायचं होतं. तेव्हा मला कळलं की मला जायचं होतं ते एवढ्यासाठीच. ज्या डोंगराचा धडा शिकवायचा त्याचीच भीती घरात पाळून कसं चालेल?

२५ डिसेंबरला फजरची नमाज पढून निघालो. फुलेवाडी नाक्यावर चार गाड्या जमल्या. गणिताच्या सरांची बुलेट, अण्णांच्या मागे शिपाईमामा, शिक्षणसेवकाची नवी गाडी आणि माझी अब्बांच्या वेळची स्प्लेंडर. धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालवायचं. रस्त्याला उसाच्या बैलगाड्या, गुऱ्हाळांचा वास. गगनबावड्याच्या अलीकडे पळसंब्याला वळलो. गाड्या लावून ओढ्याच्या घळीत उतरलो, तर तिथं अखंड कातळातच कोरलेलं देऊळ! वर दाट झाडी, कातळातून पाझरणारं पाणी. पाचांपैकी कुणीच बराच वेळ बोललं नाही. रामलिंगापुढे चौघांनी हात जोडले. मी दोन पावलं मागे थांबलो. माझा सजदा एकालाच आहे, तो मी कुणाच्या मैत्रीसाठीही वाटून देऊ शकत नाही. पण ज्याने कुणी छिन्नी घेऊन आयुष्यभर हा खडक फोडला असेल, त्याच्या मेहनतीपुढे माझी मान आपोआप खाली गेली. शिपाईमामांनी खोबऱ्याचा प्रसाद वाटला. माझ्याजवळ येऊन ते थबकले आणि पिशवीतून न फोडलेला एक नारळ काढून माझ्या हातात ठेवला. "ह्यो देवाला दावला न्हाई सर. घरी न्या, आईला द्या." मी काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं.

गगनबावड्यात चहाला थांबलो. टपरीवाला गप्पिष्ट. "पावनं कुठलं?" म्हणत त्याने एकेकाचं आडनाव विचारायला सुरुवात केली. आपल्याकडची ही जुनीच रीत. माझी पाळी आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात शिक्षणसेवक पटकन म्हणाला, "हे बी पाटीलच."

टपरीवाल्याने मान हलवली आणि पुढचा कप भरला. मी चहा प्यायलो. आपलं नाव गिळून प्यालेल्या चहाची चव काही वेगळीच असते. बाहेर आल्यावर मी त्या पोराला विचारलं, "का रे?" तो खाली बघत म्हणाला, "सर, उगंच कशाला... माणसं कशी हाईत म्हाईत न्हाई." त्याने ते माझ्या काळजीपोटीच केलं होतं, म्हणून मला त्याच्यावर ओरडताही येईना. गगनगडावर गेलो. गगनगिरी महाराजांचा मठ, पायऱ्या, वारा, सगळं पाहिलं. शिलाहार भोजराजाची गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली. पण माझं मन टपरीवरच अडकलं होतं.

करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून भुईबावड्याचा घाट धरला. अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. फळ्यावर ओढायची ती खडूची रेघ आज मी पहिल्यांदा ओलांडत होतो. एका वळणावर जोहरची वेळ झाली म्हणून गाडी थांबवली. बाटलीतल्या पाण्याने वजू केली. गणिताच्या सरांनी न बोलता डिकीतला रेनकोट काढून कठड्याजवळ अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. किब्ला समोरच होता, पश्चिमेकडे, दरीच्या पलीकडे. खाली सगळं कोकण पसरलेलं. सफरीत असल्याने दोनच रकात पढायच्या होत्या, त्या पढलो. सलाम फेरला तेव्हा उजवीकडे अण्णा हात वर करून एका ट्रकला हळू जायला खुणावत होते.

मी रेनकोट झटकत असताना अण्णा जवळ आले. म्हणाले, "सर, जुलैत म्या लई वेळा टायपिंग केलं. लिवायचो आन् पुसायचो. काय लिवावं कळंना. नुसतं वाईट वाटलं म्हणावं तर ते बी हलकं वाटायचं."

मी म्हणालो, "अण्णा, मी तुमच्या मेसेजची वाट बघत होतो."

"आन् मी तुमच्या. तुम्ही कायतरी बोलशीला, मग आमी बोलू, असं वाटायचं."

गणिताचे सर बुलेटच्या आरशात बघत म्हणाले, "मी फूल पाठवलं. मला दुसरं काही येतच नाही सर."

मला हसू आलं आणि घसाही दाटला. मी त्यांना सांगितलं की त्या फुलाच्या रागाने मी गट बंद केला होता. मग हेही सांगितलं की माझ्याच वर्गातल्या भेदरलेल्या पोरांशी मीही बोललो नव्हतो. शब्द सापडत नाहीत म्हणून गप्प बसलो होतो, आणि तेच कारण अण्णांचं होतं. फोडणाऱ्यांनी घरं फोडली ते एका दिवसात. पुढचे पाच महिने आम्ही भल्या माणसांनी एकमेकांची वाट बघण्यात घालवले. शिक्षणसेवक लांब उभा होता. तो जवळ येऊन म्हणाला, "सर, मगाशी चुकलं माझं." मी म्हणालो, "तुझं एकट्याचं नाही. मीही तो कप खाली ठेवून माझं नाव सांगू शकलो असतो."

कुणकेश्वरला पोचेपर्यंत सूर्य कलला होता. देवगडच्या किनाऱ्यावरचं हे देऊळ अगदी समुद्राला लागून उभं आहे, लाटांचा आवाज सभामंडपात येतो. बाहेर नारळ विकणाऱ्या आजींनी विचारलं, "खयसून इलात?" या वेळी शिक्षणसेवक गप्प राहिला आणि मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मगे? ह्या देऊळ तुमच्याच एका माणसान बांधल्यान!"

ती कहाणी तिकडे सगळ्यांना पाठ आहे. एका अरब व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. किनाऱ्यावर त्याला दिवा दिसला. वाचलो तर या ठिकाणी देऊळ बांधीन, असा त्याने नवस केला. तो वाचला आणि शब्दाला जागून त्याने देऊळ बांधलं. पण बांधून झाल्यावर त्याला वाटलं, आता आपली माणसं आपल्याला घरात घेणार नाहीत. त्याने शिखरावर चढून खाली उडी घेतली. त्याचं थडगं तिथंच दाखवतात. आख्यायिका आहे, इतिहासाचा शिक्षक म्हणून मी ती पुरावा मानणार नाही. पण शेकडो वर्षं हिंदू माणसं आपल्या देवळाची गोष्ट एका मुसलमानाशिवाय सांगत नाहीत, एवढं तर खरंच आहे.

मी थडग्यापाशी जाऊन फातिहा पढलो. मागे वळून पाहिलं तर अण्णांनी पायातले बूट काढले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पळसंब्याला मी काढले होते तसेच.

वाळूवर मगरिब पढली तेव्हा वर देवळात आरती सुरू झाली होती. पुढे समुद्र, मागे घंटा. सजद्यात जाताना मला त्या व्यापाऱ्याचा विचार आला. त्याला वादळाने मारलं नाही, देवळानेही मारलं नाही. घरचे काय म्हणतील याच्या धास्तीने मारलं. घरी जाऊन दार तरी वाजवायचं होतं. कदाचित आईने आधी विचारलं असतं, जेवलास का?

दुसऱ्या दिवशी फोंडा घाट चढून, राधानगरीचं शाहूंचं धरण पाहून रात्री घरी पोचलो. फोटो भरपूर काढले, पण स्टेटसला कुणी ठेवला नाही. ते न बोलताच ठरलं होतं. एवढी भीती अजून आमच्यात शिल्लक आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी नंतर मला थांबवून विचारलंच, "मास्तर, बुतखाने की सैर हुई क्या?" मी म्हणालो, "हुई चाचा. नमाज भी हुई." ते काही बोलले नाहीत. अम्मीने नारळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो कुणी आणि का वेगळा ठेवला होता ते सांगितलं, तर म्हणाली, "उस मामा को ईद में बुला." शेवया करताना तिने तोच नारळ फोडला.

सुट्टीनंतर वर्गात पुन्हा फळ्यावर उभी रेघ ओढली. या वेळी ती सरळ आली नाही, वळणं घेत आली. आधी जुलैविषयी बोललो, पाच महिने उशिराने. मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. निम्म्यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, तसं त्यांना सांगितलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. गगनबावड्याच्या त्या टपरीवाल्याने माझं खरं नाव ऐकून काय केलं असतं, हे आम्ही त्याला करूच दिलं नाही. कदाचित कप्पाळाला आठी घातली असती. कदाचित म्हणाला असता, "मग काय झालं? आणखी अर्धा घ्या." तो कसा आहे हे न विचारताच आम्ही त्याच्यावर संशय घेतला. पुढच्या खेपेला त्याच घाटाने जायचं आहे, त्याच टपरीवर थांबायचं आहे. अण्णांना मी सांगून ठेवलंय, माझ्या पाळीला कुणी मधे बोलायचं नाही.