दोन दाणे जास्त

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्ट घरं भरली की बेरीज होते 1,84,46,74,40,73,70,95,51,615. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावं अठराव्या स्थानी, परार्धापाशी संपतात. ही तर वीस अंकी संख्या, 184 परार्धांच्याही वर. सांगणारे इथे डोळे मोठे करतात, राजाची फजिती होते आणि गोष्ट संपते. संख्या-सिद्धांत शिकवण्यात जन्म घालवलेल्या मला मात्र खरी गंमत इथून पुढे दिसते. नुसतं मोठं असण्यात काय आहे? शून्यं मांडत बसलं तर कोणतीही संख्या मोठी होते.

ही संख्या म्हणजे 2⁶⁴ − 1. आता शाळेतलं अ² − ब² आठवा. 2⁶⁴ − 1 चे दोन तुकडे पडतात, 2³² − 1 आणि 2³² + 1. पहिल्याचे पुन्हा दोन, त्यातल्या लहानाचे पुन्हा दोन. कांद्याच्या पाकळ्या सोलाव्यात तसं सोलत गेलं की हाती येतात 3, 5, 17, 257, 65,537 आणि 4,29,49,67,297. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकात फर्माला वाटलं की असा प्रत्येक आकडा मूळच असणार. सहाव्यानेच दगा दिला. ऑयलरने ताडलं, की याला विभाजक असलाच तर त्याला 64 ने भागल्यावर बाकी 1 उरायला हवी. अशा मूळ संख्या 193, 257, 449, 577, आणि पाचवी 641. भाग गेला! 641 गुणिले 67,00,417. साल 1732. शेकडो भागाकार करायचे सोडून माणूस पाचव्याच फटक्यात पोचला. असं वर्गात सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

त्या पहिल्या पाचांचा गुणाकार 4,29,49,67,295. इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपासने, निदान कागदावरच्या युक्तिवादात, काढता येते. विषम बाजूंमध्ये याहून मोठी आजवर कुणाला ठाऊक नाही. हे दार उघडलं ते गाऊसने, 1796 मध्ये सतरा बाजूंची आकृती साधून. तेव्हा त्याला एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

एकदा वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, राजाने दोन दाणे जास्त दिले असते तर?” पोरगं चेष्टा करत होतं, पण प्रश्न नेमका होता. दोन वाढवले की होते 2⁶⁴ + 1. वजाच्या जागी अधिक आलं, आणि शाळेतलं ते सूत्र गप्प झालं. दाण्यांची रास तीच, पण हिला फोडायला 1880 साल उजाडलं. लांद्रीने 2,74,177 हा विभाजक शोधला तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. तिच्या पुढची, 2¹²⁸ + 1, फुटली ती 1970 मध्ये, आणि तीही संगणक हाताशी आल्यावर.