रणांगणांची नावे

लढाई संपते, रणभूमीवर पुन्हा गवत उगवते आणि लढाईचे नाव दूरच्या एखाद्या शहरात रोजच्या कामास लागते. पॅरिसात ऑस्टर्लिट्झ आणि लंडनात वॉटर्लू ही आगगाडीची स्टेशने आहेत. पहिले नाव नेपोलियनच्या १८०५ सालच्या जयाचे, दुसरे १८१५ सालच्या त्याच्या पराजयाचे. १९९४ पासून २००७ पर्यंत पॅरिसहून समुद्राखालून येणारी गाडी फ्रेंच उतारूंस नेमकी वॉटर्लूवरच उतरवीत असे. बहुतेक जण मुकाट्याने सामान उचलून चालू लागत. सगळेच इतके सोशिक नसतात. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर १८१५ साली पॅरिसात शिरला, तेव्हा तेथील येना पूल सुरुंगाने उडविण्याचा त्याने हट्ट धरला; १८०६ मधील आपल्या पराभवाचे नाव त्यास सोसवेना.

आम्हां महाराष्ट्रीयांची रीत निराळी. १६६० साली बाजीप्रभू जेथे पडले, ती घोडखिंड पावनखिंड झाली. आणि १७६१ चे पानिपत तर आम्ही पाटीवर न लिहिता बोलीतच ठेवले. मुलगा परीक्षेत आपटो की लाडवांचा पाक बिघडो, ‘पानिपत झाले’ असे आम्ही हसत म्हणतो. ज्या घरांतील माणसे त्या रणातून परतली नाहीत, त्यांच्याच वंशजांनी असे हसावे, हे कित्येकांस खटकते. आम्हांस खटकत नाही. कारण घरातले एखादे पोर मध्येच विचारते, ‘पानिपत म्हणजे काय हो?’ आणि मग हसणे थांबवून ती सारी हकीकत आम्हांस प्रारंभापासून सांगावी लागते.