खाता येणारी मुळाक्षरे

अमेरिकेत शाळेचे नवे वर्ष ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ज्या त्या भागातील प्रथेप्रमाणे, सुरू होते आणि साधारण त्याच सुमारास न्यूयॉर्क, मिशिगन, वॉशिंग्टन या राज्यांतील बागांमध्ये सफरचंदांची तोडणीही सुरू होते. शाळा आणि सफरचंद यांची त्या देशात जी सांगड बसली आहे, तिचे एक कारण ऋतूंच्या या जुळणीत असावे. दुसरे कारण एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण शाळांच्या गरिबीत शोधावे लागते. शिक्षकाला देण्यासाठी गावाकडे रोकड कमी असल्याने अनेक ठिकाणी त्याची राहण्याजेवण्याची सोय विद्यार्थ्यांच्या घरी पाळीपाळीने केली जाई आणि घरची सफरचंदेही त्याच्या मेजावर येत. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तिकडे वार लागत ते मास्तरांचे, एवढाच फरक. पुढे पगार नियमित झाले, तरी शिक्षकाच्या मेजावर ठेवलेले सफरचंद मनातून गेले नाही. १९३९ साली बिंग क्रॉस्बी यांनी गायलेल्या एका लोकप्रिय गाण्याचे शीर्षकच ‘अॅन अॅपल फॉर द टीचर’ असे होते.

आता हे सफरचंद पुष्कळदा मैद्याचे असते. शाळा उघडण्याच्या आठवड्यात सफरचंद, पेर, स्ट्रॉबेरी, अननस आणि कलिंगडाची फोड अशा आकारांच्या, साखरेच्या रंगीत लेपाने सजवलेल्या कुकीज घरोघरी भाजल्या जातात. कुकी हा शब्द डच भाषेतील ‘लहान केक’ या अर्थाच्या शब्दावरून आला असून अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पाकपुस्तकात तो छापील रूपात आढळतो. चवीने ही कुकी नानकटाईच्या नात्यातली असली, तरी वागणुकीने तिच्या अगदी उलट आहे. नानकटाईने भट्टीत पसरावे, फुलावे, वर तडे पडू द्यावेत, अशीच खाणाऱ्याची अपेक्षा असते. कुकीने मात्र साच्याने कापलेली कड जशीच्या तशी राखावी लागते. म्हणून तिच्या पिठात बेकिंग पावडर नाममात्र घालतात किंवा घालतच नाहीत, पाव इंच जाडीची पोळी लाटून कापलेले आकार फ्रीजमध्ये घट्ट होऊ देतात आणि मगच ते सुमारे १७५ अंश सेल्सिअसला आठ ते दहा मिनिटे भाजतात. लोणी वितळण्याआधी मैद्याने आकार धरला, तर सफरचंदाचे देठ शाबूत राहते. नाहीतर सफरचंदाचा बटाटा होतो.

खरे कसब त्यानंतरचे आहे. पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेल्या, वाळल्यावर कडक होणाऱ्या लेपाला रॉयल आयसिंग म्हणतात. कच्च्या अंड्यातील जंतूंच्या भीतीने आता बलकाऐवजी मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेला पांढरा बलक असलेली भुकटी, वापरण्याकडे कल आहे. हा लेप दोन प्रकारे सैल केला जातो. घट्ट लेपाने प्रथम फळाची बाह्यरेषा काढायची, म्हणजे शेताला बांध घालायचा, आणि मग पातळ लेप त्या बांधाच्या आत सोडायचा. या दुसऱ्या क्रियेला कारागीर ‘फ्लडिंग’, म्हणजे पूर आणणे, असेच म्हणतात. लेप किती पातळ असावा याची कसोटी पळीने किंवा मापाने होत नाही, तर त्यावर सुरीने ओढलेली रेघ किती सेकंदांत बुजते, हे मनात मोजून होते. दहा ते पंधरा सेकंदांत बुजली, तर लेप पुरासाठी योग्य. त्याहून लवकर बुजली, तर तो बांध फोडून वाहणार. वर आलेले बुडबुडे सुईच्या टोकाने फोडायचे आणि कुकी रात्रभर उघड्यावर सुकू द्यायची. स्ट्रॉबेरीच्या लाल लेपावर तो ओला असतानाच पिवळे ठिपके टाकले, तर ते आत बसून पृष्ठभाग सपाट राहतो, आणि तो सुकल्यावर टाकले, तर बिया बोटाला लागतात. लाल रंगाचा त्रास मात्र सगळ्यांनाच होतो: तो कमी घातला तर गुलाबी दिसतो, जास्त घातला तर कडवटपणा येतो आणि घाई केली तर कलिंगडाच्या पांढऱ्या सालीत झिरपतो. जाणती मंडळी गडद गुलाबीवर थांबतात, कारण लेप ठेवून दिला की रंग आपोआप चढतो. शेवटी सफरचंदाच्या खांद्यावर पांढऱ्या लेपाची एक छोटी वक्र रेघ येते, उजेडाची.

एवढा खटाटोप करून तयार झालेल्या या फळांत फळ नावालाही नसते. सफरचंद, पेर आणि अननस यांना एकच चव असते, लोण्याची आणि व्हॅनिलाची. डोळे मिटून खाल्ल्यास कोणते फळ खाल्ले हे सांगता येणार नाही. हा दोष मानण्याचे कारण नाही. ठळक बाह्यरेषा, आत एकच सपाट रंग, देठ, पान आणि चकाकीची रेघ ही सारी लक्षणे बागेतील फळाची नसून अंकलिपीतील फळाची आहेत. मूल खाते ते ‘ए फॉर अॅपल’मधील अॅपल.

अक्षर खाऊ घालण्याची चाल तशी जुनी आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतील जर्मनी व फ्रान्समधील ज्यू समाजात पाच-सहा वर्षांच्या मुलाला प्रथम गुरूकडे नेले जाई, तेव्हा मुळाक्षरांच्या पाटीवर मध लावून तो त्याला चाटायला देत आणि धर्मवचने लिहिलेल्या मधाच्या पोळ्या खाऊ घालत. इंग्लंडमध्ये हॉर्नबुक, म्हणजे अक्षरांच्या कागदावर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा बसवलेली मुठीची फळी, आल्याच्या केकमध्येही साकारत असे; मॅथ्यू प्रायर या कवीने १७१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अल्मा’ या काव्यात अशा खाऊचा उल्लेख केला आहे. पाटी गेली, अक्षर गेले, त्याच्या शेजारचे चित्र तेवढे साच्यात उरले. मराठी अंकलिपीही फळापासूनच सुरू होते, आणि तिचा अननस दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेला असल्याने, ‘अ’ला मिळालेले फळ काही कोकणातले नव्हे. अमेरिकेतील मराठी शाळांमध्ये हाच अननसाचा साचा ‘अ’ म्हणूनही खपेल.

शाळेच्या दारात मात्र या कुकीची अडचण होते. शेंगदाणे, अंडी, दूध, गहू यांची काही मुलांना होणारी अॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून अनेक अमेरिकी शाळा घरी केलेला खाऊ वर्गात वाटू देत नाहीत. घटकांची यादी छापलेला, बंद पाकिटातला खाऊच चालतो. नियम रास्त आहे, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. परिणामी रात्रभर सुकवलेली सफरचंदे बहुधा सकाळी बस येण्याआधी स्वयंपाकघरातच संपतात, आणि वर्गात पोहोचते ती लाल झालेली जीभ.