मेहुण्याची आगगाडी

माझ्या मेहुण्याला मी वीस वर्षं 'स्टेशनमास्तर' म्हणत आलो. तो रेल्वेत नव्हता. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. संध्याकाळी घरी आला की चहा पिऊन माळ्यावरच्या खोलीत जायचा आणि प्लायवूडच्या फळीवर आगगाडी मांडत बसायचा. रूळ, सांधे, सिग्नल, बोटभर फलाट, आगपेटीएवढी पाण्याची टाकी. दिवाळीत, लग्नकार्यात चार माणसं जमली की मी हाळी द्यायचो, "काय स्टेशनमास्तर, गाडी वेळेवर आहे ना?" सगळे हसायचे. तोही हसायचा. तो हसायचा म्हणून माझं खपून जायचं.

एकदा मात्र तो हसला नाही. भाऊ जोशींनी १९९८ साली पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं, तेव्हाची गोष्ट. मेहुणा आम्हाला हौसेनं घेऊन गेला. दिवे मालवले, इवल्याशा शहरात संध्याकाळ झाली, खिडक्यांतून उजेड पडला आणि गाड्या धावू लागल्या. पोरं टाचा उंचावून बघत होती, त्यांच्यामागं मेहुणाही. मी बायकोच्या कानात म्हटलं, "पदरी एखादं मूल असतं, तर हे खेळ सुटले असते." मी हळू बोललो होतो, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं. परतताना रिक्षात बायको एक अक्षर बोलली नाही. मेहुणा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच वागला. त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही आणि पुढची कितीतरी वर्षंही नाही.

माझा राग नुसत्या पोरकटपणावर नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मी बार्शीचा. वडिलांची बार्शीला अडत, आजोळ लातूरला. आणि मेहुण्याला वेड कसलं, तर बार्शी लाईट रेल्वेचं! लंडनच्या कंपनीनं बांधलेला अडीच फूट रुंदीचा मार्ग. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला, १९११ ला लातूरला पोचला, १९२७ ला दुसऱ्या अंगानं मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतला. हे सगळं मेहुण्याला तोंडपाठ. मला पाठ होतं ते वेगळंच. मे महिन्यात भट्टीसारखा तापलेला डबा, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि आईनं पदराचा बोळा करून डोळ्याला दिलेली ऊब. आषाढीला टपावर बसलेली माणसं. गाडी इतकी हळू, की आमच्या घरात आंघोळीला वेळ लावणाऱ्या पोराला 'बार्शी लाईट' म्हणत.

आणि कुर्डुवाडी! तिथं छोटा रूळ संपायचा आणि मुंबईकडचा मोठा रूळ सुरू व्हायचा. मधे हमालांच्या पाठी. प्रत्येक पोतं या वाघिणीतून उतरवायचं आणि त्या वाघिणीत चढवायचं. आकड्यांनी पोती फाटायची, तूर सांडायची, वजन घटायचं. वडिलांच्या वहीत त्याला कायमचा शब्द होता, 'कुर्डुवाडीची तूट'. म्हणून २००८ मध्ये लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंत मोठा मार्ग पुरा झाला, तेव्हा मी पेढे वाटले. मेहुणा त्याच सुमारास कॅमेरा गळ्यात अडकवून आला होता. उखडलेल्या जुन्या रुळांचे, ओस पडलेल्या फलाटांचे फोटो काढत हिंडत होता. मी त्याला सुनावलं, "ज्यांनी या गाडीत कधी घाम गाळला नाही, त्यांनाच तिचा एवढा उमाळा. लातूरला चार वेळा गेला असतास, तर तिचं देवघर मांडलं नसतंस."

त्यानं शांतपणे विचारलं, "दाजी, तुम्ही तर कितीदा गेलात. डब्याच्या खिडकीला गज किती होते?"

मला सांगता येईना. "असल्या फालतू गोष्टी कोण मोजतो?" म्हणून मी विषय झटकला. पण त्या रात्री झोप येईना. डोळे मिटून डबा समोर आणायचा प्रयत्न केला. आई दिसली, पितळेचा डबा दिसला, बाहेर पळणाऱ्या बाभळी दिसल्या. खिडकी काही दिसली नाही.

माझी मुलगी तेव्हा इंग्लंडात डर्बीला होती. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. एका शनिवारी पाऊस लागला होता आणि जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेचं प्रदर्शन होतं. बायको म्हणाली, "भावासाठी दोन फोटो काढू." मी नाइलाजानं गेलो.

हॉलमध्ये टेबलांवर फळ्या मांडलेल्या. प्रत्येक फळीमागं दोन-तीन माणसं, बहुतेक माझ्या वयाची, हातात छोटी बटणं. कोपऱ्यात चहाची किटली आणि घरी केलेले केक. कुणी इंजिनाच्या चाकाला सुईच्या टोकानं तेल देत होतं, कुणी भिंग लावून तुटलेली तार डाग देऊन जोडत होतं. गाडी रुळावरून घसरली की कुणाला लाज वाटत नव्हती. चिमट्यानं उचलून पुन्हा ठेवायचे आणि का घसरली यावर शेजारच्या फळीवाल्याशी दहा मिनिटं चर्चा. आमच्याकडे पारावर भजनाची चाल चुकली की चालते, तशी.

एका फळीपाशी मी थबकलो. दरी, नदी, हिरव्या टेकड्या, फिक्या पिवळ्या रंगाचे डबे. आणि इंजिनाच्या कपाळावर एक भला मोठा दिवा. चारी बाजूंना गाई चरणाऱ्या त्या दरीत एवढा दिवा कशाला? तो आमच्याकडच्या इंजिनांना शोभणारा होता. पाटी वाचली. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे, १९०४ ते १९३४, रुंदी अडीच फूट. अभियंता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

हे नाव मी मेहुण्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. बार्शी लाईट उभी करणारा हाच. बार्शीला जे जमलं, तेच त्यानं स्टॅफर्डशरच्या या दरीत नेलं होतं. इंजिनंही त्याच लीड्सच्या किटसन कारखान्याची. दोनच इंजिनं, त्यांतल्या पहिल्याचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप'. आमच्या गावची गाडी आधी आणि साहेबाच्या देशातली तिची धाकटी बहीण नंतर! मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं. फळीमागच्या गृहस्थांना मी सांगितलं, "मी बार्शीचा. त्या गाडीतून मी लहानपणापासून फिरलोय."

त्यांनी हातातलं बटण शेजाऱ्याकडे दिलं, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि वही काढली. मग प्रश्न सुरू झाले. डबे एकमेकांना कसे जोडायचे? ब्रेक कोण लावायचं, कुठून? फलाटापासून पायरी किती उंच? मी आपला कोळशाच्या कणाचा किस्सा सांगितला, आईच्या पदरासकट. ते मन लावून ऐकत होते, पण त्यांचं पेन हललं नाही. त्यांनी मागितलं होतं त्यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं.

उलट त्यांनीच मला बार्शी समजावली. कॅलथ्रॉपचा मूळ विचार असा, की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. आणि भरलेल्या वाघिणीनं त्या मर्यादेचा पुरेपूर उपयोग करावा. म्हणजे रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी, तरी माल भरपूर. 'लाईट' हे नाव मी जन्मभर चेष्टेचं समजत होतो. ते हिशेबाचं होतं.

मग त्यांनी एक बुटकी, सपाट वाघीण रुळावर आणली. मोठ्या मार्गाची मालगाडीची एक अख्खी वाघीण हळूच ढकलत तिच्यावर चढवली आणि ती जोडी दरीतून निघाली. त्या रेल्वेवर खरोखर असंच चालायचं. मोठ्या रुळाची वाघीण, चाकांसकट, मालासकट, छोट्या रुळावरच्या वाघिणीच्या पाठीवर बसून जायची. वाटेत पोतं उतरवायचं नाही, फाटायचं नाही, वजन घटायचं नाही.

मी खाली बसलो. 'कुर्डुवाडीची तूट' वडिलांनी नशीब म्हणून वहीत लिहिली होती, मी मागासपणा म्हणून. आमच्या कुर्डुवाडीला तसली वाघीण मी कधी पाहिली नाही. पण ज्यानं आमच्याकडे छोटा रूळ आणला, त्यानंच पुढं या दुखण्यावर असा उपाय योजला होता, हे मला साठी उलटल्यावर, एका शाळेच्या हॉलमध्ये, वीतभरही लांबी नसलेल्या खेळण्यानं सांगितलं. पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटून पुढं गेलो असतो.

निघताना मी विचारलं, हे सगळं करायला किती दिवस लागले? ते म्हणाले, सात वर्षं, त्यांतली तीन एका मिलिमीटरसाठी. या मापात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. अडीच फुटांचे झाले दहा. बाजारात तयार रूळ मिळतो नऊ मिलिमीटरचा. बहुतेक लोक तोच वापरतात आणि सुखी असतात. यांनी दहाचा रूळ हातानं बांधला. "नऊ म्हणजे सव्वादोन फूट," ते म्हणाले, "वेल्समध्ये टॅलिलिन नावाची रेल्वे आहे, तिची ती रुंदी. मला माझी रेल्वे हवी होती."

दुसऱ्या दिवशी मुलीनं आम्हाला हल्म एंडला नेलं. त्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन. १९३४ ला गाडी बंद झाली, रूळ गेले, १९३७ पासून तो मार्ग चालणाऱ्यांसाठी खुला आहे. स्टेशनच्या जुन्या तिकीट कचेरीत गावापुरतं छोटं संग्रहालय आहे आणि त्यात त्या स्टेशनाचं मॉडेल. बाहेर वाटेवर उभं राहिलं की नुसती हिरवळ, नदी आणि सायकलवाले. गाडी कुठं वळत असेल, इंजिन कुठं ठेवत असतील, काही उमगत नाही. आत मॉडेलपाशी यावं, पुन्हा बाहेर जावं, म्हणजे हिरवळीखालचं स्टेशन दिसायला लागतं. मी तीनदा आतबाहेर केलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलली नाही, आणि या वेळच्या गप्प बसण्याचा अर्थ निराळा होता.

तिथंच मला माझी चूक नेमकी कळली. मी समजत होतो, की मी त्या गाडीतून गेलो म्हणून ती माझी आणि मेहुणा गेला नाही म्हणून त्याचा जिव्हाळा उसना. मी त्या गाडीत बसलो होतो, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं. मेहुणा तिच्यात बसला नव्हता, पण त्यानं ती खिळ्यानखिळा पाहिली होती. हातानं घडवायची म्हटलं की थापा मारता येत नाहीत. आठवणीत खिडकीला गज नसले तरी चालतं. फळीवर ते नेमके किती आणि केवढे, हे ठरवावंच लागतं.

पुण्याला परतल्यावर मी थेट माळ्यावर गेलो. कोथरूडला बोललेल्या वाक्याची माफी मागितली. सोळा वर्षं उशीर झाला होता. तो म्हणाला, "दाजी, आधी बसा. त्या स्टुलावर नको, तिथं पूल वाळतोय."

माझं एक मत बदललेलं नाही, तेही नोंदवतो. मोठा मार्ग झाला ते उत्तमच झालं. लातूरच्या माणसाला आज रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरता येतं, आणि त्यासाठी दहा बार्शी लाईट गेल्या तरी मला दुःख नाही. मेहुण्यालाही नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढं आम्ही दोघं कुर्डुवाडीला गेलो. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या दोन म्हाताऱ्यांना खिडकीच्या गजांचं विचारलं. दोघांनी दोन आकडे छातीठोकपणे सांगितले आणि तिथंच भांडले. मेहुण्यानं जुना फोटो काढून भिंगाखाली धरला. दोघंही चुकले होते. तेव्हा तुमच्या घरी कुणी जुन्या गाडीत, गिरणीत, छापखान्यात आयुष्य काढलेलं असेल, तर किस्से ऐकाच, पण मापंही विचारा. फोटो असतील तर त्यांच्यामागं साल लिहून ठेवा.

सध्या फळीवर कुर्डुवाडी होते आहे. पोती करायचं काम माझ्याकडे. नखाएवढी चाळीस केली, त्यांतलं एक मुद्दाम फाटकं. सांडलेली तूर म्हणून मी शेजारी खसखस टाकली, तर मेहुणा ओरडला, "दाजी, या मापात खसखशीचा एक दाणा म्हणजे मोसंबं!" शेवटी चिमूटभर हळद टाकली. ती चालली.