बारावा गडी

मध्यमवर्गीय मनुष्याला सुखाचाहि हिशेब ठेवल्यावांचून चैन पडत नाहीं. सहलीहून परत आल्यावर रिक्षाचे किती गेले आणि फराळाचे किती गेले हें मांडून झाल्याशिवाय ती सहल पुरी झाल्यासारखी त्याला वाटत नाहीं. लग्नसमारंभ आटोपला कीं आहेराची यादी हातीं घेऊनच तो निवांत बसतो. मग सव्वादोन महिने रोज रात्रीं ज्याचा गजर घरांत चालतो त्या क्रिकेटच्या मोसमाचा हिशेब आम्हीं ठेवला, तर त्यांत नवल तें काय? इंडियन प्रीमियर लीगमधील मुंबईच्या सामन्यांसाठीं बोरिवलीच्या आमच्या बिऱ्हाडांत एक दोनशें पानी वही आहे. २०२५ च्या मोसमाचा सारा जमाखर्च तींत आमच्याच अक्षरांत मांडलेला आहे. त्याचा ताळा बरोबर जमतो. मनाचा मात्र जमत नाहीं. तो कां जमत नाहीं, हेंच आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

ही वही खरें पाहतां एका निराळ्याच खेळाची आहे. सामना सुरू होण्यापूर्वीं दोन्ही संघांतून आपल्या पसंतीचे अकरा गडी निवडून कागदावर एक संघ उभा करावयाचा. मग मैदानावर त्या गड्यांच्या हातून जें घडेल त्याचे गुण आपल्या खात्यावर पडावयाचे. लोक याला 'फँटसी' म्हणतात; आम्हीं त्याला मनोराज्याचा संघ असें नांव ठेवलें आहे. या मनोराज्याची आजची तऱ्हा क्रिकेटांतून निघालेली नाहीं, ती अमेरिकेच्या बेसबॉलांतून आलेली आहे. १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट या लेखकानें आपल्या मित्रांना जमवून ती सुरू केली, आणि न्यूयॉर्कमधील ज्या फ्रेंच उपाहारगृहांत ही मंडळी भेटत असत त्याच्या नांवावरून खेळाला 'रोटिसरी' हें नांव पडलें. खऱ्या खेळाडूंची खोटी मालकी घ्यावयाची आणि मोसमभर वर्तमानपत्रांतले आंकडे जुळवीत बसावयाचें, एवढीच मूळ कल्पना. ती कोणा कारकुनाला सुचली नाहीं याचेंच आम्हांला आश्चर्य वाटतें.

आमच्या घरचे नियम सोपे आहेत. धांवेला एक गुण, बळीला पंचवीस, झेलाला आठ. ज्याला आपण कर्णधार नेमूं त्याचे गुण दुप्पट. एका संघांतून सातांहून अधिक गडी घ्यावयाचे नाहींत. आणि मुंबई स्पर्धेंत असेल तोंवरच हिशेब चालावयाचा. ज्याचे गुण अधिक त्याला हापुसची शेवटची पेटी. पैशाचा संबंध मुळींच नाहीं. हा शेवटचा नियम आम्हीं मुद्दाम कडक ठेवला आहे. आमच्याच इमारतींतील एक तरुण पैसे लावून हा खेळ खेळत असे. हा खेळ कौशल्याचा कीं नशिबाचा, याचा खल न्यायालयांतून वर्षानुवर्षें चालला होता. त्याच्या आईनें ज्या दिवशीं आपल्या पाटल्या सोनाराकडे नेल्या त्याच दिवशीं तिच्यापुरता तो प्रश्न सुटला. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानें बंदी घातली. आंब्याच्या पेटीला ती बंदी लागू नाहीं.

असो. आतां मोसमाकडे वळूं. २०२४ सालीं मुंबई इंडियन्सचा संघ दहा संघांत दहावा आला होता. चौदा सामन्यांत अवघे चार विजय! २०१३ ते २०२० या काळांत पांच वेळां विजेतेपद मिळविणाऱ्या संघाची ही दशा झाली. रोहित शर्माच्या जागीं हार्दिक पंड्याला कर्णधार नेमलें हें प्रेक्षकांना रुचलें नव्हतें, आणि वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडविली गेली. २०२५ ची सुरुवातहि त्याच वळणावर झाली. पहिल्या पांच सामन्यांत चार पराभव. जसप्रीत बुमरा पाठीच्या दुखण्यामुळें पहिल्या चार सामन्यांत नव्हता. दिलासा काय तो एकच: ३१ मार्चला कोलकात्याविरुद्ध अश्वनीकुमार या पंजाबी तरुणानें पदार्पणांतच २४ धांवांत चार बळी घेतले. तीस लक्षांना घेतलेला हा गोलंदाज त्या दिवशीं आमच्या घरांत कोणाच्याच कागदावर नव्हता.

मग १३ एप्रिलला दिल्लीस फांसा पलटला. यजमानांना विजय दिसूं लागला असतां एकोणिसाव्या षटकांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी धांवचीत झाले, आणि मुंबईनें बारा धांवांनीं सामना खेंचून आणला. तेथून सलग सहा विजय मिळाले. त्यांत जयपुरास राजस्थानचा तर शंभर धांवांनीं पाडाव झाला. मे महिन्यांत भारत-पाकिस्तान संघर्षामुळें स्पर्धा आठवडाभर थांबली. ती पुन्हां सुरू झाल्यावर २१ मेला वानखेडेवर दिल्लीला ५९ धांवांनीं हरवून मुंबईनें बाद फेरी गांठली. चौदांत आठ विजय आणि चवथें स्थान. तळाशीं गेलेल्या संघाला एका वर्षांत एवढी मजल थोडी नव्हे.

या चढाईचा मानकरी सूर्यकुमार यादव. अणुशक्तिनगरांत वाढलेला हा फलंदाज. सिमेंटच्या खेळपट्टीवर रबरी चेंडूनें खेळतां खेळतां त्यानें जो 'सुपला' फटका हस्तगत केला, तोच पुढें जगभर गाजला. सोळा सामन्यांत त्यानें ७१७ धांवा केल्या, आणि सोळांपैकीं एकाहि डावांत तो पंचविसांच्या आंत राहिला नाहीं. एका मोसमांत मुंबईसाठीं इतक्या धांवा पूर्वीं कोणीहि केल्या नव्हत्या. सचिन तेंडुलकरचा २०१० मधील ६१८ धांवांचा विक्रम मागें पडला. मनोराज्याच्या संघांत असा गडी म्हणजे पोस्टांतली ठेवच. व्याज कधीं डोळे दिपवीत नाहीं, पण तें चुकतहि नाहीं.

परंतु वहीला दिसत नाहींत अशाहि कांहीं गोष्टी असतात. ३० मेला मुल्लांपुरास गुजरातशीं जो सामना झाला त्यांत रोहितनें ८१ धांवा केल्या आणि मुंबईनें २२८ चा डोंगर रचला. तरीहि साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदर यांनीं पाठलाग असा मांडला कीं तो डोंगर हां हां म्हणतां टेंकडीएवढा दिसूं लागला. सुंदर चोवीस चेंडूंत ४८ धांवांवर असतां बुमरानें त्याच्या पायांशीं यॉर्कर टाकला. सुंदरचा तोल गेला आणि त्रिफळा उडाला. तेथून पाठलागाची धार बोथटली आणि गुजरात वीस धांवांनीं हरलें. आतां वही काय म्हणते तें पाहा: सुंदरला ४८ गुण, आणि त्याला बाद करणाऱ्या बुमराला २५! जो पडला तो श्रीमंत, ज्यानें पाडलें तो गरीब. दोन्ही डाव मिळून ४३६ धांवांची लूट झाली त्या रात्रीं बुमरानें चार षटकांत फक्त २७ धांवा दिल्या. पण न दिलेल्या धांवांना आमच्या वहींत रकानाच नाहीं. घरांत जें बिघडूं दिलें जात नाहीं त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं, तसेंच हें आहे, असें आम्ही मोठ्यानें म्हणालों. त्यावर स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवतींनीं "आज कळलें का?" एवढेंच विचारलें.

हा हिशेब चालला असतां आमच्या भाच्यानें एक अडचणीचा प्रश्न काढला. "मामा, आपली मुंबई, आपली मुंबई म्हणतां, पण त्यांत मुंबईचे किती?" आम्हीं बोटें मोजलीं. नेहमी खेळणाऱ्यांत रोहित आणि सूर्यकुमार. हार्दिक बडोद्याचा, बुमरा अहमदाबादचा, तिलक वर्मा हैदराबादचा, नमन धीर पंजाबचा, ट्रेंट बोल्ट आणि मिचेल सँटनर तर न्यूझीलंडचे. २००८ सालीं रिलायन्सनें ११ कोटी १९ लक्ष डॉलरांना हा संघ घेतला आणि बहुतेक गडी लिलांवांतून मिळविले. तेव्हां नीट पाहिलें तर हाहि एक मनोराज्याचाच संघ. फरक इतकाच कीं तें मनोराज्य धनिकाचें आहे आणि त्याला पगार द्यावे लागतात.

आमच्या आजोबांच्या काळीं हा प्रश्न उद्भवत नसे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदु, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि १९३७ पासून 'इतर' असे संघ खेळत, आणि कोणी कोणासाठीं टाळ्या वाजवावयाच्या हें जन्मानेंच ठरून जाई. १९४० मध्यें महात्मा गांधींनीं या सामन्यांविषयीं नापसंती व्यक्त केली, १९४६ नंतर ते बंद पडले, आणि बरेंच झालें. मग रणजी करंडकानें शहराची निष्ठा शिकविली. २०२४ पर्यंत मुंबईनें तो बेचाळीस वेळां जिंकला. त्यानंतर लिलांवाची निष्ठा आली, आणि शेवटीं ही वहीची. तींत तर घरांतल्या चौघांचे चार संघ, आणि तेहि रोज बदलणारे. पायरीपायरीनें ही गांठ सैल होत आली. परंतु सैल झालेली गांठ सुटलीच असें कोणी समजूं नये. रोहितच्या आईवडिलांचें बिऱ्हाड डोंबिवलीस एका खोलींत, म्हणून तो बोरिवलीस आजोबा व काकांकडे राहिला. येथल्या स्वामी विवेकानंद शाळेंत दिनेश लाड यांनीं त्याला आणलें, त्याची फी माफ करविली, आणि ऑफस्पिन टाकणाऱ्या त्या मुलाला फलंदाज केलें. बोरिवलीच्या गाडींतून उभ्यानें प्रवास करणारा मनुष्य त्याच्या षटकारावर जेव्हां खुलतो, तेव्हां तो षटकार लिलांवांत घेतलेला आहे हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें.

ही गांठ किती घट्ट आहे याची कसोटी १ जूनच्या रात्रीं लागली. अहमदाबादेस मुंबई आणि पंजाब यांचा सामना; जिंकेल तो अंतिम फेरींत. पावसामुळें खेळ दोन तासांहून अधिक उशिरां सुरू झाला. भाच्यानें मुंबईचे सात गडी घेतले होते. उरलेले चार पंजाबचे घेणें भाग, म्हणून ज्यांच्या हातून कांहींहि होणार नाहीं अशी त्याची मनोमन खात्री होती तेच चार त्यानें निवडले. आम्हीं मात्र मोसमभरचे आंकडे पाहून पंजाबच्या श्रेयस अय्यरला आमचा कर्णधार नेमलें. श्रेयस मुंबईचाच, शिवाजी पार्कावर प्रवीण आमरे यांच्या हाताखालीं तयार झालेला. डिसेंबर २०२४ मध्यें मुंबईनें सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला तो त्याच्याच नेतृत्वाखालीं; पण त्याच्या आदल्याच महिन्यांत जेद्दाच्या लिलांवांत पंजाबनें त्याला २६ कोटी ७५ लक्षांना घेतलें होतें.

मुंबईनें २०३ धांवा केल्या. दोनशेंवर धांवा करून त्या राखतांना मुंबई या स्पर्धेंत तोंवर एकदांहि हरली नव्हती. पंजाबच्या जोश इंग्लिसनें बुमराच्या पहिल्याच षटकांत वीस धांवा काढल्या तेव्हां भाच्याचा चेहरा उतरला, तरी त्यानें धीर सोडला नाहीं. मग श्रेयस उभा राहिला. गडबड नाहीं, आरडाओरड नाहीं. सरकारी टपाल वांटावें तसे तो चेंडू सीमेपार वांटीत होता. एकोणिसाव्या षटकांत त्यानें चार षटकार मारले आणि सामना संपविला. गोलंदाज कोण? मार्चमध्यें ज्याचें कौतुक झालें तोच अश्वनीकुमार. श्रेयसच्या एकेचाळीस चेंडूंत नाबाद ८७ धांवा. कर्णधाराच्या दुपटीनें आमच्या खात्यावर १७४ गुण पडले, आणि पेटी आमची झाली.

मध्यरात्र केव्हांच उलटून गेली होती. आम्हीं बेरीज केली, ती दोनदां तपासली. घरांत कोणी बोलेना. शेवटीं भाच्यानें वही मिटली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जिंकलांत, पण आपण हरलों."

आमच्या दोनशें पानांत या 'आपण'ला जागा नव्हती. १७४ गुण खरे होते, ते न्यायानें मिळालेले होते, आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं पेटी उघडण्याचा उत्साह कोणाला नव्हता. तिसऱ्या दिवशीं बंगळूरनें पंजाबला हरवून आपलें पहिलेंच विजेतेपद पटकावलें, तेव्हां कोठें आंबे कापले गेले. ते गोड होते, हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

या मोसमानें पुढच्या निवडीसाठीं जे धडे दिले ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. फलंदाज पहिल्या तिघांतलेच घ्यावेत, कारण षटकें वीसच असतात आणि मागच्यांच्या वांट्याला उरतात तीं थोडीं. गोलंदाज शेवटचीं षटकें टाकणारा असावा. धांवांच्या घाईंत बळी तेथेंच पडतात. कर्णधारपद क्वचित् चमकणाऱ्याला न देतां नित्य धांवा करणाऱ्याला द्यावें. आणि जो चार षटकें टाकून षटकामागें सातांहून कमी धांवा देईल त्याला यापुढें वीस गुण जादा मिळावेत. न दिलेल्या धांवांची एवढी तरी दखल घेतली जावी. हा नियम सौभाग्यवतींच्या सूचनेवरून घातला आहे.

त्याखालीं आणखी एक नियम आहे, आणि तो आमचा. प्रत्येकानें अकरांच्या खालीं एक बारावा गडी लिहावयाचा. तो मुंबईचा असो वा पंजाबचा, फॉर्मांत असो वा नसो, खेळत असो वा निवृत्त होऊन घरीं बसलेला असो. त्याचे गुण धरावयाचे नाहींत.

"गुण धरावयाचे नाहींत, तर मग तो लिहावयाचा कशाला?" भाच्यानें विचारलें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. वही नुसती त्याच्यापुढें सरकविली. थोडा वेळ पेन्सिल चावून त्यानें एक नांव लिहिलें, आणि आम्हांला दिसूं नये म्हणून त्यावर हात धरला.